वहिनीने केलेला तिसरा ढीग

माझे बहुतेक गाढवपणे बायकोला तोंडपाठ आहेत. पाहुण्यांसमोर ती ते क्रमवार सांगते. हा एक तिलाही ठाऊक नाही. तुम्हीच पहिले.

मी कणभौतिकीवाला. आमच्या खामगावात याचा अर्थ ‘लय बारीक काहीतरी पाहते’ असा लावतात. बरोबर आहे. फक्त पाहणारा मी नव्हतो — पण थांबा, येतो तिथे.

कण टिपणाऱ्या यंत्रातून, डिटेक्टरमधून, चित्रं निघतात. कण गेला असेल तर बारीक रेघ, नाहीतर नुसता कचरा. हे ओळखायला आम्ही मशीनला शिकवतो. पण त्यासाठी आधी कुणीतरी माणसानेच हजारो चित्रं निवडून द्यावी लागतात. ही हमाली माझ्या गळ्यात. लॉकडाऊनमध्ये घरी अडकलेलो, आणि दोनशे चित्रांतच डोळ्यांना पाणी. वहिनी जिनिंगमध्ये कापूस निवडायची — किडका, डागाळलेला अचूक बाहेर. तेव्हा जिनिंग बंद होतं. म्हटलं, वहिनी, हेही निवडा की.

आठ दिवसांत तिने सगळं निवडलं. शोधनिबंधात मी लिहिलं, ‘वर्गीकरण तज्ज्ञांनी केले.’ हसा. पण कबुली ही नाही. एवढीच असती तर काय हवं होतं?

तिने दोनऐवजी तीन ढीग केले होते. “भाऊजी, ह्या चित्राईत रेघ एकाच जागी तुटून राह्यली. हे म्या येगळे ठेवले.”

मी — पीएच.डी., बरं का — म्हणालो, डोळे थकलेत तुमचे, चष्म्याचं बघा. आणि तिसरा ढीग न उघडताच कचऱ्यात धरला. मशीनही बिचारं तेच शिकलं.

दीड वर्षाने कळलं, डिटेक्टरची एक पट्टी मेलेली होती. रेघ तिथेच तुटायची. सगळा गट डोकं धरून बसलेला. मी काय करावं? जुन्या फोल्डरमधून तो ढीग काढला, मीटिंगमध्ये उघडला आणि म्हणालो, मला हे आधीच खटकलं होतं. खटकलं होतं म्हणे! मग बोलला का नाहीस, गटातल्या एकीने विचारलं. खात्री करत होतो, म्हणालो. पुढे नोकरी लागली. शिफारसपत्रात आमच्या गटाच्या सरांनी लिहिलं — याची नजर विलक्षण आहे.

दिवाळीत वहिनीने विचारलं, त्या तुटक्या रेघांचं काय झालं? स्वयंपाकघरात आम्ही दोघंच. ना सर, ना नोकरीची निवड समिती. इथे तरी खरं बोलायला काय जात होतं? मी म्हणालो, काही नव्हतं, भास होता तुमचा. का म्हणालो? इतकी वर्षं शोधतोय, आणि दरवेळी माझाच वैताग येतो — दुसऱ्या कुणाचा येणार?

ती डोळे तपासूनही आली होती. “डॉक्टर म्हणे नजर चांगली हाय. पण तुमच्याएवढं त्याले काय समजते, भाऊजी.”

मी चहा प्यायलो.

यंदा जिनिंगवर तिचा डबा द्यायला गेलो होतो. निवडलेला कापूस पुढे टाकण्याआधी वहिनी आता शेजारच्या बाईला दाखवत होती — एकदा पाह्यून घे वं. दर वेळी. आणि ती बाई, हातातलं काम न थांबवता, न पाहताच हो म्हणत होती.