आजीच्या काळातली खपली गव्हाची खीर

बुद्धपौर्णिमेला आमच्या घरी तांदळाची खीर होते. दूध, साखर, वर काजू. यंदा सुनेने ठरवलं की माझ्या आजीच्या काळातली खपली गव्हाची खीर करायची. दूध परवडत नव्हतं तेव्हाची. गहू, गूळ, सुंठ आणि पाणी, एवढंच. पाहुणे चाळीस होते. त्यात पिंपरीची माझी आत्या. ती खीर स्वतः केलेल्यांपैकी आता ती एकटीच उरली आहे.

आत्या माझ्या मुलाच्या लग्नाला आली नव्हती. लग्न मुलीकडच्यांच्या पद्धतीने लागलं, विहारात नाही, याचा तिला राग होता. त्यानंतर ती आमच्याकडे जेवली नव्हती. सून याबद्दल कधी बोलली नाही, पण खीर कोणासाठी चालली आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

कृती मी आत्याला फोन करून विचारली. सून शेजारी बसून ऐकत होती. आत्या म्हणाली, गव्हाइतकाच गूळ, सुंठ चवीपुरती, गहू मात्र घरी सडायचा. म्हणजे कुटून साल सुटी करायची आणि पाखडायची. मी म्हटलं, सडलेला गहू दुकानात मिळतो. सुनेला ते पटलं नाही. तिने खालच्या मजल्यावरच्या गॅरेजवाल्यांकडून मोठा लोखंडी खलबत्ता आणला. त्यांच्याकडे मोहरमच्या खिचड्याचा गहू त्यातच सडतात. पाणी शिंपडून गहू मुरू द्यायचा, नाहीतर दाणा फुटतो, हे तिथल्या भाभींनी तिला दाखवलं. हिंजवडीहून कॅबने अंग आंबून आलेली ही मुलगी रोज संध्याकाळी कुटायला बसायची. असा तिने दोन किलो गहू सडला. मी एकदा हात लावला. पाव किलोतच माझा खांदा भरून आला.

पौर्णिमेच्या सकाळी आम्ही दोघांनी कामांचा आराखडा केला. मी चाकणच्या कारखान्यात उत्पादनाचं नियोजन बघतो, ती सॉफ्टवेअरचं. दोन कामं एकामागून एक करण्यापेक्षा बरोबर चालवली तर वेळ वाचतो, यावर आमचं लगेच एकमत झालं. म्हणून भिजलेला गहू शिजायला ठेवतानाच पातेल्यात गूळ टाकला. बायको म्हणाली, तुम्ही दोघं कंपनीतच जाऊन शिजवा. तो टोमणा नव्हे, इशारा होता, हे आम्हाला उशिरा कळलं.

गहू शिजेना. पाणी वाढवलं, आच वाढवली, तरी दाणा दाताखाली खड्यासारखा. तेवढ्यात सगळ्यांच्या आधी आत्याच आली आणि थेट स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. मी काहीतरी सारवासारव करणार, तोच सून म्हणाली, "आत्याआजी, गहू शिजत नाही. काय चुकलं?"

आत्याने दोन दाणे बोटांत दाबून पाहिले. "गूळ कवा टाकला?"

"गव्हाबरोबरच."

"मग कसा शिजंल? गुळात दाणा अडून बसतो. गूळ मागनं टाकायचा, हे काय सांगायचं असतं व्हय?"

यावर उपाय तिच्याकडेही नव्हता. तिच्या हातून असं कधी झालंच नव्हतं.  सुनेने सगळं मोठ्या चाळणीवर ओतून गूळपाणी वेगळं काढलं, गहू धुतला आणि साध्या पाण्यात, दोन कुकरमध्ये भरून पुन्हा चढवला. घाबरली असेल, पण हात कुठे थांबला नाही. आत्या खुर्चीवर बसून बघत होती. चाळणीला चिकटलेला गहू चिमटीत घेऊन तिने विचारलं, सडला कोणी? मी सुनेकडे बोट केलं. आत्याने तिचा हात ओढून तळवा पाहिला. फोड होते. मग तिने हात सोडला.

गहू मऊ होईपर्यंत आम्ही पाहुण्यांबरोबर बुद्धवंदना घेतली. मग गूळपाणी परत घातलं, सुंठ घातली. पहिली वाटी आत्याला दिली. सून समोर उभीच.

"आमच्या आईची याहून पातळ असायची," आत्या म्हणाली. "गहू पुरायचा न्हाई."

तिने वाटी पुसून खाल्ली आणि पुन्हा पुढे केली. जाताना सुनेला म्हणाली, "आषाढी पौर्णिमेला माझ्याकडं पन्नास माणसं असत्यात. खीर तू करायची. ह्याला गुळापाशी येऊ देऊ नको."

खलबत्ता अजून आमच्याकडेच आहे. आषाढापर्यंत राहू द्याल का, असं मी भाभींना विचारून ठेवलं आहे.