पोपटांचा शर्ट

मुलाचं नाव सांगायला कायद्याने बंदी आहे आणि हवालदाराचं मी कधी विचारलंच नाही. मी गाझियाबादच्या बालन्याय मंडळावर सदस्य होते तेव्हाची ही गोष्ट. मुलांना आणताना पोलिसाने वर्दी घालायची नाही, बेड्याही वापरायच्या नाहीत, असा नियम. त्यामुळे हा झुपकेदार मिशांचा पहाड हिरव्या पोपटांचा शर्ट घालून यायचा आणि आत शिरताच सवयीने खाडकन सॅल्यूट ठोकायचा. सगळे पोपट दचकायचे.

एकदा त्याने नव्या मॉलमधल्या पुतळ्याचा गॉगल पळवल्याचा आरोप असलेलं पोरगं आणलं. एका हातात पोराचा हात, दुसऱ्यात त्याची वितळती कुल्फी. सॅल्यूट राहिला. मॅजिस्ट्रेटबाई नव्या होत्या, त्यांना वाटलं हाच बाप.

"शर्म नहीं आती? बच्चा क्या करता है, कुछ खबर रखते हो?"

हवालदाराने मान खाली घातली. "गलती हो गई जी. आगे से ध्यान रखूँगा."

पोरगं मात्र "मैंने नहीं लिया" एवढंच घोकत राहिलं.

बाहेर आल्यावर मी हसू आवरत विचारलं, "बताया क्यों नहीं?"

मिशीवरची कुल्फी पुसत तो म्हणाला, "बाप तो आया नहीं जी. किसी को तो डाँट खानी थी."

पुढच्या तारखेलाही बाप आला नाही, पोपटच आले. बाईंनी तोंड उघडायच्या आत पोरगं हवालदारासमोर येऊन उभं राहिलं.

"मैडम, आज इनको मत डाँटना. गॉगल मैंने लिया था."