रवाळ मध

"मॅडम, एवढंच लिहून द्या की ह्यात साखर हाय. पुढचं मी बघतो."

मोहिते काकांनी मधाची बाटली माझ्या टेबलावर ठेवली आणि रुमालाने बोटं पुसली. सांगलीत त्यांचं काष्ठौषधींचं जुनं दुकान आहे. हिरडा, शतावरी, अश्वगंधा आणि मध. मी साताऱ्याच्या एमआयडीसीत एका फूड टेस्टिंग लॅबमध्ये केमिस्ट आहे. आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस कुणावर तरी संशय घेऊनच येतो, त्यामुळे त्यांच्या सुराचं मला काही वाटलं नाही.

"माल कुणाकडून घेतला?" मी फॉर्म भरत विचारलं.

"आमच्या व्याह्याकडनं."

मी पेन खाली ठेवलं. दूधवाला डेअरीविरुद्ध येतो, भाऊ भावाविरुद्ध येतो. व्याही व्याह्याचं सॅम्पल घेऊन आलेला मी पहिल्यांदाच पाहत होते.

हकीकत अशी होती. त्यांचे व्याही सुभेदार मोरे फौजेतून रिटायर झाले आणि कोयनेच्या वरच्या अंगाला, आपल्या गावी, सातेरी मधमाश्यांच्या पेट्या ठेवू लागले. त्यांचा मध मोहिते काका दुकानात विकत. थंडी पडली आणि बाटल्यांतला मध खालून पांढरा, रवाळ झाला. गिऱ्हाइकं बाटल्या परत घेऊन आली. काकांनी सुनेला, म्हणजे सुभेदारांच्या मुलीला, सांगितलं की वडिलांकडून माल बदलून घे. बदललेला माल आला. पातळ, लालसर, एक कण नाही.

"मग तक्रार कसली?" मी विचारलं.

"पहिला गोठला, दुसरा गोठायचं नाव घेईना. आन वास घ्या. काकवीगत येतो का न्हाई?"

मी वास घेतला. येत होता.

मी त्यांना समजावलं की मध रवाळ होणं हा साखरेचा पुरावा नाही. साखरेचा रेणू म्हणजे दोन लहान साखरा एकमेकींना जोडलेल्या. एक ग्लुकोज, एक फ्रुक्टोज. फुलातल्या रसात ही जोडी असते. माशीच्या पोटातलं एन्झाइम ती जोडी तोडतं. एन्झाइम म्हणजे ठरावीक एकच काम करणारं प्रोटीन. मधात मग दोघी सुट्या राहतात. त्यातल्या ग्लुकोजला पाण्यात विरघळून राहणं तेवढं जमत नाही. गारठा पडला की ती खडे धरून तळाशी बसते. तूप रवाळ झालं की आपण सुनेचं कौतुक करतो, मध रवाळ झाला की दुकानदाराची गचांडी धरतो.

"हे मी गिऱ्हाइकाला सांगू? दुकान बंद करून शाळा काढू का?" काका म्हणाले. मग जरा पुढे वाकले. "मॅडम, मी घरात सांगून आलोय. रिपोर्ट वाईट आला तर सूनबाईला माहेर बंद. जो पाव्हणा व्याह्यालाच साखर चाटवतो, त्याच्या दारात माझा नातू जाणार न्हाई."

मला त्यांचा राग आला. पण रागावर रिपोर्ट लिहिता येत नाही. मी बाटलीला नंबर दिला आणि कामाला लागले.

मधात आम्ही एक सोपी टेस्ट करतो. ताज्या मधात डायस्टेज नावाचं आणखी एक एन्झाइम असतं. ते स्टार्च तोडतं. स्टार्चच्या पाण्यात मध घालायचा, कोमट ठेवायचं, मग आयोडिनचा थेंब टाकायचा. स्टार्च शिल्लक असेल तर गडद निळा रंग येतो. एन्झाइम जिवंत असेल तर स्टार्च खाल्लेला असतो, निळं काही येत नाही.

काकांच्या बाटलीची ट्यूब शाईसारखी निळी झाली. एन्झाइम मेलेलं होतं.

दुसरी टेस्ट एचएमएफची. फ्रुक्टोजला उष्णता लागली की त्यातून हा रेणू तयार होतो. काकवीचा तो वास अशाच भाजण्या-आटवण्यातला. तो मर्यादेच्या कितीतरी वर निघाला. साखर आम्ल घालून फोडली आणि तिचा पाक करून मधात मिसळला, तरी अगदी असंच चित्र दिसतं.

आमचे लॅब मॅनेजर देसाई सर मागे येऊन उभे राहिले. "पाक आहे. सरळ फेल लिहा."

"सर, नुसता तापवलेला असला तरी असंच येईल."

"मध कोण तापवतं? काष्ठौषधीवाला तर नाहीच. त्यांच्या शास्त्रात गरम मध विष असतो."

बोलणं खरं होतं. तरी मी मुळातलं सॅम्पल मागवायचं ठरवलं. लेबलवर सुभेदारांचा फोन नंबर होता. तो लावताना एका घरातली गोष्ट मी दुसऱ्या घरात पोचवतेय, हे माझ्या मनातही आलं नाही.

सुभेदार दुसऱ्याच दिवशी हजर. ताठ कणा, पांढऱ्या मिशा, हातात सीलबंद बाटली. आतला मध रवाळ, लोण्यासारखा.

"कुनी दिलं सॅम्पल?"

"क्लायंटचं नाव सांगता येत नाही."

"सांगू नका. माझा मध एकाच दुकानात जातो." ते खुर्चीवर बसलेच नाहीत. "इचारा काय इचारायचं ते."

"माश्यांना साखर घालता?"

"व्हय. घालतो की."

देसाई सरांनी माझ्याकडे पाहिलं. सुभेदारांनी ते पाहिलं आणि आवाज चढवला. "आवं, पावसाळ्यात तिकडं माशीला पेटीबाहीर पडता येत न्हाई. उपाशी मारू का तिला? तवा पाक ठेवतो. तो तीच खाती. मध आमी काढतो उन्हाळ्यात, जांभूळ-हिरड्याचा. राशन येगळं आन माल येगळा!"

"आणि मोहित्यांना बदलून दिलेला माल?" नाव सांगायचं नाही म्हणता म्हणता मीच सांगून बसले.

"कसला बदलून? एकच खेप दिली मी. उन्हाळ्यात. त्यातलीच ही बाटली."

म्हणजे सासरा म्हणतो दोन खेपा, बाप म्हणतो एक. दोघांतला एक जण खोटं बोलत होता. पावसाळ्यातल्या साखरेची कबुली एवढ्या बिनधास्त देणाऱ्या माणसाचाही मला संशय आला. लहान खरं सांगून मोठं खोटं लपवणारे आम्ही रोज बघतो. आमच्या कामात संशय घ्यायचाच पगार असतो.

सुभेदारांच्या बाटलीची ट्यूब स्वच्छ राहिली. निळा रंग नाही. एन्झाइम जिवंत. एचएमएफ नगण्य. मग दोन्ही मध मायक्रोस्कोपखाली ठेवले. मधात फुलांचे परागकण असतात, आणि प्रत्येक झाडाच्या कणाचा आकार वेगळा. दोन्हींत जांभूळ आणि हिरडा, जवळजवळ त्याच प्रमाणात.

मी मोहित्यांना फोन केला. ते हसले. "परीक्षेला येगळा आन दुकानाला येगळा. त्यातच पाक मिसळला आसंल, मग फुलं तीच दिसणार की!"

तेही बरोबर होतं. मग राहिली शेवटची टेस्ट, आणि ती आमच्याकडे होत नाही. सॅम्पल बाहेरच्या मोठ्या लॅबला पाठवावं लागतं. ऊस आणि रानातली झाडं हवेतला कार्बन दोन वेगळ्या रीतींनी घेतात. त्यामुळे उसाच्या साखरेतला कार्बन वजनाला किंचित निराळा भरतो. साखर फोडा, आटवा, मधात घोटा, कार्बन आपलं गाव विसरत नाही. आणि आपल्या भागात मधात पाक घालणारा माणूस उसाशिवाय दुसरं काय घालणार?

मोहित्यांच्या बाटलीचा रिपोर्ट आला. उसाचा अंश नाही.

म्हणजे दोन्ही बाटल्यांत एकच मध होता. एक तसाच राहिला, दुसरा सणसणीत तापला. पण कुठे? मी सांगलीला जाऊन दुकानातलं सॅम्पल स्वतः घ्यायचं ठरवलं. सुभेदारांना कळवलं, तर ते कराडहून एसटी पकडून माझ्या आधीच पोचले होते. दुकानाबाहेर उभे होते. आत कुणी या म्हटलं नव्हतं, की म्हटलं तरी ते गेले नव्हते, ते मी विचारलं नाही.

दुकान पुढे, घर मागे. काकांच्या गादीच्या वर ठसठशीत पाटी होती: 'मध गरम करू नये. गरम मध विषासमान.' खाली फळीवर बाटल्यांची रांग. मी एक उचलली. लेबलचा खालचा भाग सुरकुतलेला, छापील शाई पसरलेली. दुसरी उचलली, तीही तशीच. सगळ्यांची लेबलं एकाच उंचीपर्यंत भिजून वाळलेली. सुभेदारांच्या हातातली बाटली मी शेजारी ठेवली. तिचं लेबल कोरं करकरीत होतं.

"काका, ह्या बाटल्या पाण्यात उभ्या होत्या. गरम पाण्यात. आणि लेबल लावल्यानंतर."

"म्हंजे पाव्हण्यांनीच..."

"लेबल लावलेल्या बाटल्या मी कशाला शिजवू?" सुभेदार दारातून म्हणाले. "आन दुसरी खेप दिलीच न्हाई मी, कितींदा सांगू!"

"दुसरी खेप कुणी उतरवून घेतली?" मी काकांना विचारलं.

"मी नव्हतो. आमी लग्नाला कोल्हापूरला गेल्तो. सूनबाईनं घेतली."

ते बोलले आणि थांबले. मधल्या दारात चहाचा ट्रे घेऊन त्यांची सून सुजाता उभी होती. तिने ट्रे खाली ठेवला.

"मामा, दुसरी खेप आलीच न्हाई," ती सासऱ्यांना म्हणाली. "परत आलेल्या बाटल्याच मी पातेल्यात उकळायला ठेवल्या. विरघळंना, म्हणून लय वेळ ठेवल्या. थंड झाल्यावर परत गोठतील म्हणून पुन्यांदा उकळल्या."

"ती पाटी दिसली न्हाई तुला?" काकांचा आवाज चिरका झाला.

"रोज दिसती. म्हणूनच सांगता आलं न्हाई."

सुभेदार एक पायरी चढून आत आले. "पोरी, मला एक फोन करायचा. मी सांगितलं असतं, उन्हात ठीव, आपसूक पातळ हुतोय."

"तुमाला इचारलं असतं तर तुमाला कळलं असतं ना आबा, हितं तुमच्याबद्दल काय बोलत्यात ते."

ते त्यांना कळू नये म्हणून या पोरीने सगळं केलं, आणि ते त्यांना कळलं माझ्या फोनने.

काकांनी फळीवरची एक बाटली उचलून लेबल बघितलं. मग मला म्हणाले, "रिपोर्टात काय लिवणार?"

"जे आहे तेच. उसाची साखर नाही. मध तापलेला आहे."

"कुणी तापवला?"

"त्याचा कॉलम नसतो."

सुभेदारांनी मुलीकडे पाहिलं. "पिशवी भर. चार दिस माहेराला चल." ते विचारत नव्हते. सुजाताने सासऱ्यांकडे पाहिलं. काकांनी चष्मा पुसायला घेतला. "नातवालाबी न्या," ते म्हणाले. "स्वेटर घ्या त्याचा. तिकडं गारठा आसतोय."

मी बाटल्या सील केल्या. निघताना काकांनी मला गाठून विचारलं, "मॅडम, ते मेलेलं एन्झाइम मध थंड झाल्यावर परत जितं हुतं का?"

"नाही."

"न्हाईच?"

"अंडं उकडल्यावर परत कच्चं होतं का काका? प्रोटीनच ते."

त्यांनी मान हलवली आणि पाटीखाली जाऊन बसले.

यात शिकण्यासारखं एवढंच, की मध फेल लिहिण्याआधी तो कुणाकुणाच्या स्वयंपाकघरातून आला ते विचारावं. आता मी ते सगळ्यात आधी विचारते. सुभेदारांचा मध अजून त्याच दुकानात जातो. आता रुंद तोंडाच्या बरणीत, म्हणजे रवाळ झाला तरी चमच्याने काढता येतो. काका गिऱ्हाइकांना ग्लुकोजचं सगळं पाठ म्हणून दाखवतात, शाळा काढल्यासारखंच. रिपोर्ट ते कधी मागत नाहीत. पण प्रत्येक खेपेआधी सुभेदार स्वतः साताऱ्याला येतात, माझ्या टेबलावर सीलबंद बाटली ठेवतात आणि रिपोर्टच्या दोन कॉपी मागतात. एक मोहित्यांना, एक स्वतःच्या पेटाऱ्यात.

मोहित्यांचा संशय गेला. सुभेदारांचा राहिला.