विकसनशील वस्ती

“साहेब, तुम्हीच लिहिलं होतं ना, इथली वस्ती चांगली हाय म्हणून?”

फोनवर बाईंचा आवाज होता. मी चिखलीला ऑफिसात एका गोदामाचा नकाशा तपासत बसलो होतो. कोण बोलतंय, विचारलं.

“मी सुनंदा वानखेडे. मेहकरचे वानखेडे सर, त्यायची मिसेस. आमच्या घराचं व्हॅल्युएशन तुम्ही केलं होतं. बारा नंबर.”

आठवलं. पाच-सहा महिन्यांपूर्वीची केस होती. सर अमडापूरच्या शाळेत शिकवतात, मेहकरहून जाऊन-येऊन करतात.

“काय झालं ताई? भिंतीला तडे गेले का?”

“घर चांगलं हाय. शेजारच...” त्या थांबल्या. “आठ नंबरच्या दोरीवर रोज लंगोट वाळत राह्यतात साहेब. दोन महिने झाले. पण लेकरू रडल्याचं मी एकदाही नाही ऐकलं.”

हा काही इंजिनिअरला विचारायचा प्रश्न नव्हता.

माझं काम आधी सांगतो. मी सिव्हिल इंजिनिअर. बँकेच्या पॅनेलवर व्हॅल्युअर आहे, म्हणजे कोणी गृहकर्ज मागितलं की बँक मला ते घर पाहायला पाठवते. मी मोजमाप घेतो, बांधकाम बघतो, फोटो काढतो आणि किंमत लिहून देतो. रिपोर्टमध्ये एक रकाना परिसराचा असतो. त्यात तीन पर्याय: विकसनशील, स्थिर, उतरती. घर तेच, विटा त्याच. पण या एका शब्दावर त्याची किंमत वर-खाली होते. उतरती लिहिलं तर पुष्कळदा बँक कर्जच देत नाही.

पंचवीस वर्षं हे केल्यावर वस्तीकडे पाहायची एक नजर तयार होते. खिडकीला नवी ग्रिल, दारात सायकल, गच्चीवर वाढीव खोलीच्या सळया, म्हणजे वस्ती चढती. गंजलेली कुलपं, उन्हानं पांढरे पडलेले ‘भाड्याने देणे’चे बोर्ड, रात्री आठच्या आत बंद होणारं मेडिकल, म्हणजे उतरती. मला या नजरेचा थोडा गर्वच होता.

समृद्धी महामार्ग झाल्यापासून मेहकरच्या आसपास प्लॉटिंगचा धडाका होता. हा ले-आउट गावापासून तीन किलोमीटरवर. एका रांगेत वीस ड्युप्लेक्स, समोर डांबरी रस्ता, मागे सोयाबीनची शेतं. बिल्डरनं मला बोलावलं होतं तेच मुळी “उन्हं उतरल्यावर या साहेब” असं म्हणून. मी गेलो, मोजमापं झाली, चहा झाला, दिवेलागण झाली. तेवढ्यात रांगेतल्या घरांत एकामागून एक दिवे लागले. दारापुढे रांगोळ्या होत्या, पायरीवर चपला होत्या, दोऱ्यांवर कपडे होते. मी गाडीत बसूनच फॉर्म भरला. विकसनशील.

“ताई, शेजारचे लोक भेटतात का?” मी फोनवर विचारलं.

“तेच सांगून राह्यली मी. मले एकही माणूस नाही दिसला. द्वारकाबाई दिसते. ती सगळ्या घरची कामं करते. तिले विचारलं तर ती सगळ्यायचं सांगते. सातवाले लग्नाले गेले, पंधरातल्या आजोबाचे गुडघे दुखतात. आठमधली सून बाळंत झाली म्हणे. मी बाळंतविडा घेऊन गेली, माझ्या हातानं विणलेलं टोपडं होतं त्यात. द्वारकाबाईनं दारातूनच घेतला. बाळंतीण निजली, म्हणाली.”

“सर काय म्हणतात?”

“सर सकाळी जातात, अंधारात येतात. त्यायले दिवे दिसतात, रांगोळ्या दिसतात. ते म्हणतात, तुले वहम झाला. सोमवारी बुलढाण्याले डोक्याच्या डॉक्टरकडे नेऊन राह्यले मले.” आवाज एकदम बारीक झाला. “साहेब, तुम्ही मोजमापवाले माणूस. एकदा येऊन सांगा, इथं माणसं हायत का नाही. नसतील तर मी शहाणी. असतील तर मी जाते डॉक्टरकडे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मी तिथे पोचलो. बिल्डरला कळवलं नाही.

दिवसाच्या लख्ख उजेडात ती रांग पाहताना प्रथम काहीच वावगं वाटलं नाही. रांगोळ्या ताज्या होत्या. प्रत्येक दारापुढे वेगळी. मग मी चालायला लागलो आणि माझ्याच बुटांचा आवाज मला मोठा वाटू लागला. कुकरची शिट्टी नाही. टीव्ही नाही. फोडणीचा वास नाही. कुत्रंसुद्धा नाही. वीस घरं आणि नुसता वारा.

पाच नंबरच्या दोरीवर निळा शर्ट होता. मी जवळ गेलो. शर्टाची रस्त्याकडची बाजू उन्हानं विटून पांढरट झाली होती, मागची तशीच निळी. एवढा काळ तो एकाच बाजूनं वाळत होता. पायरीवरच्या चपलेच्या अंगठ्यात कोळ्यानं जाळं केलं होतं.

मग मी पहिल्या वेळी करायला हवी होती ती गोष्ट केली. मीटर पाहिले. प्रत्येक घराबाहेर मीटरची पेटी होती, झाकण होतं. झाकण उघडलं की आत पोकळी. बारा नंबर सोडून एकाही घराला मीटर नव्हता. बांधकामासाठी घेतलेल्या एका तात्पुरत्या कनेक्शनवरून सगळ्या घरांना वायर फिरवली होती.

सुनंदाताई दारात उभ्या होत्या. पन्नाशीच्या, नीटनेटक्या, डोळ्यांखाली काळं. मी म्हटलं, “ताई, तुमचं डोकं ठिकाणावर आहे. इथे कोणी राहत नाही.”

मला वाटलं, त्यांना हायसं वाटेल. त्या मटकन पायरीवर बसल्या. “मंग मी टोपडं कोणाले दिलं?”

तेवढ्यात द्वारकाबाई आली. साठीची, उंचीला लहान, कमरेला किल्ल्यांचा मोठा जुडगा. मूळची उंद्रीची, नवरा गेल्यावर बिल्डरनं इथे ठेवून घेतलेली. मी ओळख सांगितली आणि आठ नंबरचं घर बघायचं आहे म्हटलं.

“आत्ता?” ती म्हणाली. “आत्ता तर निजली असंन ते. बरं, चाला. पण हळू.”

आम्ही दोघं तिच्यामागे गेलो. तिनं किल्ली काढली, पण लगेच लावली नाही. आधी दारावर दोनदा टकटक केलं. थोडी थांबली. खाकरली. मग कुलूप उघडलं. बाहेरून लावलेलं कुलूप.

आतली खोली रिकामी होती. फरशीवर धुळीचा थर, आणि त्यात एकच पायवाट उमटलेली: दारापासून दिव्याच्या बटणापर्यंत, तिथून मागच्या खोलीत. आम्ही त्या वाटेनंच गेलो. का कोण जाणे, धुळीत पाय टाकायला आम्हाला धजवलं नाही.

मागच्या खोलीत पंख्याच्या हुकाला जुन्या लुगड्याची झोळी बांधली होती. द्वारकाबाईनं जाता जाता तिला हातानं हलकासा झोका दिला, आयाबाया देतात तसा. झोळी करकरत हलू लागली. मी आत डोकावलो. घडी केलेलं फडकं, आणि वर सुनंदाताईंनी विणलेलं गुलाबी टोपडं.

“पोरगी हाय,” द्वारकाबाई कुजबुजली. “गुणाची हाय. रडतच नाही.”

मी विचारलं, “बाई, हे सगळं तुम्हाला बिल्डरनं करायला सांगितलं?” बोलल्यावर ध्यानात आलं, मीही कुजबुजत होतो.

“त्याईनं नुसतेच कपडे टाकाले सांगतले. दिवे लावाचे, रांगोळ्या काढाच्या. घ्यायले लोक येतात तवा बरं दिसते म्हणे.”

“मग हे?”

तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मलाच काही कळत नव्हतं. “कपडे काय आपोआप मळतात का साहेब? घालणारं कोणी लागते ना.”

सुनंदाताईंनी माझी बाही धरली. आम्ही बाहेर आलो. द्वारकाबाईनं दार ओढून घेतलं, कुलूप लावलं, आणि बंद दाराकडे तोंड करून म्हणाली, “येते वं माय.”

भर दुपारचं ऊन होतं. मी सुनंदाताईंना बारा नंबरपर्यंत सोडलं.

दुपारी मी बिल्डरच्या ऑफिसात गेलो. चाळिशीचा, गोड बोलणारा माणूस. तो नाकबूल वगैरे काही झाला नाही.

“साहेब, लोक कोठं राहाले जातात? जिथं लोक हायत तिथं. मंग पहिला माणूस मी आणू कोठून? दहा घरं भरली असती ना, तर मी स्वतः काढले असते ते कपडे. कोणाचं नुकसान होतं?”

“वानखेडे बाईंना सर वेड्यांच्या डॉक्टरकडे न्यायला निघालेत.”

“आता ते लंगोटाचं काय मनावर घ्यायचं...” तो बोलता बोलता थांबला. “एक मिनिट. लंगोट? मी तर साड्या न् शर्टं दिली होती. जुन्या बाजारातून घेतलेली. लंगोट कोणी दिले?”

मी त्याला झोळीचं सांगितलं. नंतर ऐकलं की तो त्या रांगेत एकटा जायचा बंद झाला.

तिथून बँकेत. मॅनेजर मॅडम नव्या होत्या, पुण्याकडून बदलून आलेल्या. मी त्यांच्यापुढे पत्र ठेवलं: माझ्या रिपोर्टमधला परिसराचा शेरा चुकीचा आहे, प्रत्यक्षात इथे वस्ती नाही, शेरा मी दुरून पाहून लिहिला.

“तुम्ही स्वतःच्याच रिपोर्टच्या विरोधात पत्र देताय,” त्या म्हणाल्या. “फसवणूक बिल्डरनं केली असं लिहा ना. ‘दुरून पाहून’ कशाला?”

“त्यानं दिवे लावले, मॅडम. शेरा लिहिताना गाडीतून उतरलो नाही तो मी.”

“पॅनेलवरून नाव जाईल.”

“जाऊ द्या.”

गेलं. जवळजवळ वर्षभर त्या बँकेचं काम आलं नाही. बँकेनं त्या ले-आउटला कर्जं थांबवली. वकिलाच्या दोन नोटिसा गेल्यावर बिल्डरनं वानखेड्यांचं घर परत घेतलं. ते आता मेहकर गावातच जुन्या आळीत राहतात. घर लहान आहे, समोर पिठाची गिरणी आहे, दिवसभर घरघर चालते. सुनंदाताई म्हणतात, झोप छान लागते. सरांनी डॉक्टरची वेळ रद्द केली होतीच. पण बायकोची माफी मागायला त्यांना बरेच दिवस लागले, असंही ताईंनीच मला सांगितलं.

द्वारकाबाईला तिचा भाचा उंद्रीला घेऊन गेला. सुनंदाताई तिला निरोप द्यायला गेल्या होत्या. रिक्षा दारात उभी, आणि ही बाई एकेक घराला निरोप देत होती. टकटक, थांबायचं, दोन शब्द, पुढचं दार. सकाळी सुरू केलं ते दुपार झाली. भाचा चिडला. सुनंदाताईंनी त्याला गप्प बसवलं. आठ नंबरला तिला सर्वात जास्त वेळ लागला.

ले-आउट पुढे खरोखर ओस पडला. गवत वाढलं, ग्रिल चोरीला गेल्या. बिल्डरच्या ओळखीतला एक जण मला म्हणाला, तुम्ही पत्र दिलं नसतं तर पाच-दहा कुटुंबं आली असती, त्यांच्यामागून अजून आली असती, आणि तुमचा शेरा खरा ठरला असता. ठरलाही असता.

कामाची पद्धत मात्र बदलली. आता मी सकाळी, न कळवता जातो आणि तासभर पायी फिरतो. घराकडे नंतर बघतो, आधी कचरा शोधतो. कांद्याची टरफलं, दुधाच्या पिशव्या, खाऊची रिकामी पाकिटं. रंग, दिवे, पाट्या कोणीही आणून लावू शकतं. कचरा मात्र राहणाऱ्यालाच करावा लागतो. फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही, म्हणून मी वेगळा कागद जोडतो. बँकेतले हसतात, पण फाइलला लावून घेतात.