दारात खुर्ची टाकून बसलेली गयाआत्या

फोन आला तेव्हा मी जालन्याच्या आमच्या खोलीत पत्रकांच्या घड्या घालत होते. सरकारी दवाखान्यात साखरेच्या आजाराच्या गोळ्या महिनोन् महिने का मिळत नाहीत, असा जाब विचारणारं पत्रक होतं आणि शाई अजून बोटांना लागत होती. पलीकडून अंकुशनगरचे मामा बोलत होते, माझ्या आत्याचे यजमान. "संगे, तुझी आत्या गेली गं... दुपारची जरा पडल्ती. चहाला उठवायला गेलो तर..." मिळेल त्या एस.टी.नं पोचले. अंगणात पाय ठेवला तर कानावर पहिलं वाक्य पडलं, "वजनानं गेली हो बाई." बोलणारे गृहस्थ तळहातावर तंबाखू मळत होते. आत्या असती तर काही न बोलता नुसती त्यांच्या तळहाताकडं बघत राहिली असती, बार तोंडात टाकायची त्यांची हिंमत झाली नसती. त्या दिवशी मी गप्प बसले. गप्प बसायची मला सवय नाही, म्हणून आता, काही आठवड्यांनी, या पुरवणीच्या वाचकांसमोर बोलते आहे. वजनानं गेली असेलही. पण ती जगली कशी, हे त्या गृहस्थांना कोणी तरी सांगायला हवं.

गयाआत्या जाड होती. ‘भरदार’, ‘अंगानं सुखी’ असले आडपडदे तिला चालत नसत. "जाड हाय म्हणा की. मला काय ते आज कळून राह्यलं का?" असं तोंडावर म्हणायची. ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं, मी पाळण्यात होते, तेव्हाची एक गोष्ट आमच्याकडं इतक्यांदा सांगितली गेली आहे की ती मी डोळ्यांनी बघितली असंच मला वाटतं. वडीगोद्रीला एक लग्न होतं. मांडवातल्या घडीच्या खुर्चीवर आत्या बसली आणि खुर्चीनं पाय टाकले. आत्या जमिनीवर. वरपक्षातला कोणी तरी ओरडला, "अरे, मांडव धरा रे मांडव!" सगळे हसले. आत्याही हसली, उठली, पदर झटकला आणि पंगतीला वाढायला गेली. घरी आल्यावर मात्र मामांना म्हणाली, "मला माझी खुर्ची पायजे." मामा साखर कारखान्याच्या वर्कशॉपात वेल्डर. त्यांनी जालन्याच्या बाजारातून जाड पाइप विकत आणला, सुट्टीच्या दिवशी अंगणात बसून ऐसपैस खुर्ची जोडली, तिला निवारपट्टी विणली आणि हिरवा रंग दिला. त्यानंतर आमच्या भावकीत ज्या ज्या लग्नाला आत्या गेली तिथं तिथं आधी बैलगाडीतून, मग टेम्पोतून ती हिरवी खुर्ची गेली. लाज वाटायची ती मांडववाल्याला वाटली पाहिजे, आपल्याला काहून, असा तिचा रोकडा हिशेब. मी पुढं चळवळीत पडले, भाषणं केली, पण माणसाच्या मानाबद्दल याहून सरळ काही मला कोणत्याही शिबिरात ऐकायला मिळालं नाही.

दुसरी गोष्ट गिरणीची. आमच्याकडं मुलगी द्यायची म्हटलं की माणसं स्थळ बघायला जातात, पोहे खातात, नवा रंग दिलेल्या भिंती बघतात आणि मान हलवून परत येतात. अंबड तालुक्यातली कितीतरी घरं असं स्थळ बघायला जाताना आत्याला बरोबर न्यायची. मंडळी पोह्यांवर बसली की आत्या "जरा पाय मोकळे करून येते" म्हणून उठायची ती थेट गावातली पिठाची गिरणी गाठायची. तिथं बायका दळणाला बसलेल्या. गिरणीच्या घरघराटात ओरडून बोलावं लागतं, आणि ओरडून खोटं बोलायला माणसाला जड जातं, असा तिचा अनुभव. पोरगा किती शिकला, रान किती, पाणी किती, यातलं ती काही विचारत नसे. तिचा सवाल ठरलेला होता, "त्या घरातली सून आजारी पडली तर तिला कोण बघतं?" उत्तर द्यायला बायका थांबल्या, एकमेकींकडं बघायला लागल्या, की आत्या परत येऊन पोह्यांची बशी बाजूला सारायची. स्थळ मोडलं म्हणून समजा.

हा सवाल तिनं पुढं विचारला तो स्वतःच्या पोटच्या पोरीसाठी. माझी आतेबहीण वैजूताई कारखान्याच्या वसाहतीत वाढली, औरंगाबादला इंजिनिअर झाली आणि लग्न होऊन अमेरिकेला गेली. अंगानं आईवर गेलेली. तिथं तिचं वजन आणखी वाढलं, साखर लागली, गुडघे गेले, झोपेत श्वास अडकायला लागला. पोट लहान करायचं ऑपरेशन करा, असं तिकडच्या डॉक्टरनं सांगितलं, पण तिथला खर्च झेपणारा नव्हता आणि विम्यात ते बसेना. मग इंटरनेटवर तिला मुंबईच्या एका बड्या हॉस्पिटलची जाहिरात सापडली. निम्म्याहून कमी पैशांत ऑपरेशन, वर समुद्रकाठी आराम, आणि सुट्टी संपायच्या आत परतीचं विमान. परदेशात जाऊन स्वस्तात ऑपरेशन म्हणतात ते हेच. फक्त वैजूताईसाठी परदेश म्हणजे आता आपणच होतो. तिनं ती जाहिरात मला पाठवली. मी छापून घेतली आणि अंकुशनगरला जाऊन आत्याला वाचून दाखवली. वर ताजमहालाचं चित्र होतं. पोटाच्या ऑपरेशनच्या जाहिरातीवर कबरीचं चित्र छापणाऱ्या माणसाला काय म्हणावं? मी भडकलेच. त्याच सपाट्यात फोनवर वैजूताईला सुनावलं, हा धंदा आहे, तू गिऱ्हाईक आहेस, अजिबात यायचं नाही. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "संगे, तुला पत्रक काढायचंय. मला माझ्या पोराला कडेवर घेऊन वर नेऊन झोपवायचंय. अर्ध्या जिन्यात मला खाली बसावं लागतं... आणि तो म्हणतो, मम्मी, राहू दे, मी चालतो."

आत्यानं माझ्या हातातला फोन घेतला. "वैजे, तू बराबर हायस. ही संगीबी बराबर हाय. मंग भांडता काहून? आधी चौकशी करू." फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "तुझ्या बोलण्यात राग लई हाय पोरी. रागानं ती थांबन, पण तिचे गुडघे थांबतेल का?"

आम्ही दोघी मुंबईला गेलो. हॉस्पिटल चकाचक. टाय लावलेला एक तरुण हसत आला आणि आत्याकडं बघून म्हणाला, "पेशंट आपणच ना?" आत्या म्हणाली, "न्हाई बाबा, मी पेशंटची आई. पण बसते, गुडघे दुखून राह्यले." आणि इथं गंमत झाली. त्या हॉलमधल्या सगळ्या गुबगुबीत खुर्च्यांना दोन्ही बाजूंनी घट्ट हात होते. आत्या एकीतही मावेना. तिनं सगळीकडं नजर फिरवली आणि गिरणीवरच्या आवाजात म्हणाली, "जाड माणसांचं दुकान मांडलं, आन् जाड माणसाला टेकायला जागा न्हाई?" अख्खा हॉल वळून बघायला लागला. तिथल्याच एका बाकड्यावर बसलेली एक भली थोरली बाई पहिल्यांदा मोकळी हसली आणि सरकून तिनं आत्याला जागा दिली. मांडवातल्या त्या हशाची परतफेड मी माझ्या डोळ्यांनी बघितली.

त्या तरुणानं खोल्या दाखवल्या, मशिनी दाखवल्या, थंडगार सरबत पाजलं. आत्यानं सगळं बघितलं, आणि मग "जरा पाय मोकळे करते" म्हणाली. मी ओळखलं. ती बाहेरच्या औषधांच्या दुकानासमोर जाऊन बसली. तिथं पेशंटचे नातेवाईक चिठ्ठ्या घेऊन उभे. त्यांच्याकडून कळलं ते असं की ऑपरेशन चांगलं होतं, माणसं खरंच हलकी होतात, साखर उतरते, पण पहिलं वर्ष हेलपाटे घालावे लागतात. कोणाला उलट्या थांबेनात, कोणाचं रक्त कमी झालं, कोणाच्या शिवलेल्या जागेत बिघाड झाला. जवळ होते म्हणून धावत आले आणि निभावलं. आत्या आत परतली आणि त्या तरुणाला तिनं तिचा जुनाच सवाल टाकला, "विमानानं परत गेलेला माणूस तिकडं आजारी पडला तर त्याला कोण बघतं?" तो म्हणाला, "आजी, ते सगळे खूश असतात. ई-मेल येतात ना." "आन् ज्यांचे येत न्हाईत?" त्यानं टाय सारखा केला. आत्यानं सरबताचा ग्लास बाजूला सारला.

मला वाटलं, जिंकलो, विषय संपला. पण आत्यानं स्थळ मोडलं होतं, लग्न नाही. पुण्यातल्या एका सर्जनचं नाव तिनं त्याच औषधांच्या दुकानासमोर ऐकलं होतं, त्याच्याकडं आम्ही गेलो. त्यानं आम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही, थेट बोलला. ऑपरेशन करतो, पण सुट्टीच्या मापानं नाही. टाके भरायच्या आत लांबच्या विमानात बसलं तर पायात रक्ताची गुठळी होऊन ती छातीत जाऊ शकते. पोटातून गळती सुरू झाली तर ढगात कोणी काही करू शकत नाही. काही महिने इथं राहायचं. आणि पुढं जन्मभर तपासण्या आहेत, तेव्हा तिकडचा एखादा डॉक्टर आधी तयार करा, मगच तिकीट काढा. बाहेर आल्यावर आत्या म्हणाली, "घर चांगलं हाय. पोहे न्हाई दिले."

वैजूताई संतापली. नोकरी जाईल म्हणाली. तिकडचे डॉक्टर दुसऱ्याच्या हातचं काम बघायला नको म्हणतात, असंही म्हणाली. आत्या म्हणाली, "मंग आत्ताच न्हाई म्हणतेत ते बरं झालं की. ऑपरेशन झाल्यावर म्हणाले असते तर?" पलीकडून फोन आदळला. बरेच दिवस मायलेकींचं बोलणं बंद होतं आणि आत्या रोज फोनजवळ खुर्ची ओढून बसायची. अखेर फोन आला. एका डॉक्टरबाईनं हो म्हटलं होतं, आणि वैजूताईनं बिनपगारी रजा काढली होती.

ऑपरेशन पुण्याला झालं, नीट झालं. वैजूताई अंकुशनगरला आईच्या घरी आली. पातळ पेज, ताक, वरणाचं पाणी, सगळं चमच्यानं. आता कसली भीती? आणि तिथंच घात होणार होता. आमच्याकडं ऑपरेशन झालेली बाई म्हणजे बाळंतीणच. अशक्त झाली, हिच्यात ताकद भरली पाहिजे! आमच्या भावकीतल्या वडीगोद्रीच्या मोठ्या काकू डिंकाचे लाडू घेऊन आल्या, "कशी वाळून गेली गं लेकरू" म्हणून रडल्या, आणि आत्याचं काळीज हललं. तिनं स्वतःच्या हातानं नखभर तुकडा मोडून लेकीच्या तोंडात घातला. थोड्या वेळानं वैजूताईला घोटभर पाणीही उतरेना. उलट्या, घाम, छातीत कळ. शेजाऱ्यांची जीप काढून पुणं गाठलं. सर्जननं दुर्बिणीनं अडकलेला तुकडा काढला. परतताना जीपमध्ये ती एवढंच म्हणाली, "समद्या दुनियेची चौकशी केली संगे... माझ्या घराचीच राह्यली."

दुसऱ्या दिवशी सकाळी हिरवी खुर्ची घराच्या दारात होती आणि खुर्चीत आत्या. दार पूर्ण भरलं. आत जायचं तर तिच्या गुडघ्यांना वळसा घालूनच. "काय हाय त्यात?" प्रत्येक डब्याला हा सवाल. चकली परत, शिरा परत, नवसाचा पेढाही परत. "देवाला म्हणावं, तिला दात येऊ दे आधी." मोठ्या काकू फुगल्या, भावकीत बोभाटा झाला की गया माणसाला दारातून हाकलते. आत्या म्हणाली, "हाकलते. बिलकुल हाकलते." ज्या अंगाला सगळ्यांनी जन्मभर नावं ठेवली, त्या अंगानं तिनं दार अडवलं आणि लेक वाचवली. वैजूताईनं एकदा विचारलं, "आई, तूपण करून घे ना गं ऑपरेशन." आत्या म्हणाली, "मी केलं तर दारात कोण बसंल?" हसण्यावारी नेलं तिनं ते. मला आजही त्याचं पुरतं हसू येत नाही.

वैजूताई परत गेली आणि पुढच्या वर्षी एका सकाळी तिचा फोन आला तेव्हा मी तिथंच होते. धापा नव्हत्या, पावलांचा आवाज होता, आणि पोराचं खिदळणं. "आई, ऐकतीयेस ना? कडेवर घेतलाय त्याला. वर आले... मध्ये न थांबता वर आले!" आत्यानं मामांना हाक मारली, शेजारच्यांना हाक मारली, सगळ्यांना फोन कानाला लावायला लावला. मग मला म्हणाली, "आता काढ तुझं पत्रक." मी काढलं. त्यावर ऑपरेशन करा किंवा करू नका, यातलं काही लिहिलं नव्हतं. तिचाच सवाल मोठ्या अक्षरांत छापला होता, परतल्यावर आजारी पडलात तर तुम्हाला कोण बघणार? अजून लोक ते मागायला येतात.

आत्याच्या दिवसांत वैजूताई आली. निम्मी झालेली, पण डोळे आईचे. घरात चूल पेटत नव्हती, भावकीतून डबे येत होते. मी विहिरीकडून परतले तर दारात हिरवी खुर्ची, आणि तिच्यात एका कडेला वैजूताई; उरलेल्या जागेत तिचा पोरगा बसून पाय हलवत होता, आणि तरी जागा उरली होती. फाटकातून वडीगोद्रीच्या मोठ्या काकू हातात डबा घेऊन येत होत्या. वैजूताई उठली नाही. गुडघे तसेच पुढं ठेवून म्हणाली, "काय हाय काकू त्यात?"

काकू जागच्या जागी थबकल्या. डबा छातीशी धरला, डोळे भरून आले, आणि रडता रडता म्हणाल्या, "पिठलं हाय गं बाई... तुझ्या आईची आण, लाडू न्हाई."

वैजूताईनं गुडघे बाजूला घेतले.