डोळे आखण्याआधी

मुलाखतीला आलेल्या कुणालाही ‘स्वतःबद्दल दोन शब्द सांगा’ असं मी कधी म्हटलं नाही, आणि त्यावरून साहेबांची बोलणीही खाल्ली. स्वतःबद्दल गोड बोलता येणं ही कला असेलही, आमच्या खात्याला तिचा काडीचा उपयोग नव्हता. रोह्याच्या एका रंग बनवणाऱ्या कंपनीत मी प्रयोगशाळा सांभाळत होते. तयार रंगात कापडाची पट्टी बुडवायची, वाळवून मूळ नमुन्याशेजारी धरायची आणि जुळते की नाही ते सांगायचं, एवढंच आमचं काम. जुळत नसताना ‘जुळतं’ म्हणणारा माणूस कितीही शिकलेला असो, मला तो दारातसुद्धा नको होता.

हा हट्ट मी पेणहून आणला. बारावीनंतर रामवाडीतल्या एका गणपतीच्या कारखान्यात मी आखणीला, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायला, गेले होते. कारखान्याच्या मालकांना सगळे काका म्हणायचे. काका अर्ज वाचत नसत. त्यांनी आम्हा तिघींपुढे पांढऱ्या रंगाचा हात दिलेली एकेक मूर्ती ठेवली, कुंचले दिले आणि म्हणाले, “आखा.” बाकीच्या दोघी लगेच वाकल्या आणि त्यांनी फार सुरेख डोळे काढले. मी मूर्ती फिरवून बघितली, तर सोंडेच्या मुळाशी पांढऱ्या रंगाखाली केसासारखा तडा होता. मला त्या कामाची गरज होती. तरी मी कुंचला खाली ठेवला.

“काका, हिला तडा हाय. मी आखणार नाय.”

“तिन्ही तडा गेलेल्याच हायत गो,” काका म्हणाले. “डोळे आखले की तो देव झाला. मग मोडवत नाय. बोलायचं ते त्याच्या आधी.”

काम मला मिळालं. त्या दोघींच्या मूर्ती विसर्जनापर्यंत फळीवर बसून राहिल्या, विकता येईनात आणि मोडवेनात. शेवटी काकांनीच त्या आपल्या हातांनी नेऊन पाण्यात सोडल्या. स्वतःच्या परीक्षेची शिक्षा त्यांनी स्वतःच भोगली, याचं मला तेव्हा हसू आलं होतं.

पुढे मी शिकले, कंपनीत लागले, खात्याची प्रमुख झाले आणि मुलाखती घ्यायची वेळ आली तेव्हा काकांचीच परीक्षा उचलली. एका पाकिटात पाच पट्ट्या ठेवल्या. चार नमुन्याशी जुळणाऱ्या, पाचवी थोडीशी फसवी. उमेदवाराला सांगायचं, पाचही बरोबर आहेत, फक्त सही करा. जो सही करील तो घरी. वर्षानुवर्षं हेच पाकीट आणि खिडकीशेजारच्या फळ्यावर चिमट्यानं लावलेला तोच नमुना.

एका वर्षी जागा एकच होती आणि साहेबांनी ती मनातल्या मनात देऊन टाकली होती. मुंबईचा उमेदवार, चकचकीत फाइल, इंग्रजी असं की साहेब मान डोलवत होते. त्यानं पट्ट्यांकडे नजर टाकली, “परफेक्ट आहेत, मॅडम” म्हणाला आणि सही केली. साहेब माझ्याकडे बघून हसले. मी हसले नाही.

त्याच्यानंतर जवळच्या निडी गावची एक मुलगी आली. घरी भातशेती, प्रमाणपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत. साहेबांनी इंग्रजीत विचारलं, तिनं मराठीत उत्तर दिलं, आणि साहेबांनी तिची फाइल मिटली. मी नमुना चिमट्यासकट काढून पट्ट्यांसोबत तिच्यापुढे ठेवला.

“उजेडात नेऊ?” तिनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता खिडकीशी गेली. एकेक पट्टी नमुन्याशेजारी धरून बघितली.

“या चार एकमेकींशी जुळतात. ही पाचवी वेगळी हाय. पण तुमच्या नमुन्याशी एकही जुळत नाय.”

“चार जुळतात. नीट बघ,” मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

तिनं परत बघितलं. “नाय मॅडम. पट्ट्या चांगल्या हायत. नमुनाच उन्हानं उडालाय. चिमट्याखाली बघा.”

मी चिमटा काढला. त्याच्याखाली बोटभर कापड गडद निळं होतं. बाकीचं फिकं पडलं होतं, आणि रोज बघून बघून माझ्या डोळ्यांना ते कळलंच नव्हतं. आणि तोच नमुना धरून मी कित्येक महिने माल पास करत होते.

ती बाहेर गेल्यावर साहेब म्हणाले, “उद्धट आहे.” खोटं कशाला सांगू, तोच शब्द माझ्याही पेनाच्या टोकाशी आला होता. तिला नापास केलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. नमुना गुपचूप बदलता आला असता. मला लाज वाटत होती आणि त्या लाजेचा राग त्या पोरीवर निघत होता. मग काकांची फळी आठवली, तिच्यावर बसलेल्या त्या दोन मूर्तीही आठवल्या.

‘निवडीचं कारण’ या रकान्यात मी लिहिलं: हिनं माझी चूक दाखवली.

साहेबांनी ते वाचलं. “हे वर गेलं तर आधी तुमची खुर्ची जाईल. खोडा ते. दुसरं काहीतरी लिहा.”

“नाही खोडणार,” मी म्हटलं. “खुर्ची जायची असेल तर जाऊ दे. या खात्यात बघणारं एक तरी माणूस राहील.”

“त्या मुंबईच्याला काय सांगू?”

“उजेडात बघायला शिक म्हणावं.”

मी सही करून कागद त्यांच्या हातात दिला. वरून मला लेखी समज आली. ती मी फायलीला लावली, लपवली नाही.

सोमवारी ती मुलगी पहिल्या शिफ्टला आली. मी नवा नमुना आणि पास केलेल्या पट्ट्यांचे गठ्ठे तिच्यापुढे ठेवले. सगळ्या पट्ट्यांवर माझी सही होती.

“परत तपास,” मी म्हटलं.

“आणि चुकलेल्या निघाल्या तर, मॅडम?”

“तर तसं लिही.”

निघाल्या. तिनं लिहिलं, आणि खाली मी सही केली.