खालचं पाणी हलत नाही

बाँब बनवताना ज्यांनी आम्हाला एका शब्दाने विचारलं नाही, ते त्याचा कचरा पुरायला मात्र दारोदार संमती मागत फिरतात. वर म्हणतात, देशासाठी एवढं करा!

हा किरणोत्सारी कचरा जमिनीत खोल पुरायला जागा शोधणाऱ्या एका सल्लागार कंपनीत मी जिऑलॉजी शिकून चिकटले. कचरा अजून चमचाभरही पुरलेला नाही. किस्से मात्र एवढे साठलेत की मैत्रिणी भेटल्या की उकरत बसते.

*

खडक तपासायचा ते गाव तमिळनाडूतल्या कुंभकोणमपासून दोन तासांवर. ऑफिस मात्र कुंभकोणमात, जिथे खाली नुसता कावेरीचा गाळ!

"सर, ऑफिस इथे का?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

आमचे प्रमुख नरहरराव, माझ्यासारखेच पिढ्यान्‌पिढ्या इथले मराठी. म्हणाले, "अगे, माझं घर इथे नाही का?"

खडकाने जरा सोयीची जागा बघायला हवी होती.

*

कचरा लष्कराचा, म्हणून सगळं गुप्त.

"सर, पुरायचंय काय?"

"गुप्त आहे."

"किती?"

"तेही गुप्त."

"मग सुरक्षित आहे हे कशावरून?"

"ते जाहीर आहे!"

*

माहितीपत्रकात 'कचरा' हा शब्द नको, असा हुकूम निघाला. त्याऐवजी 'संरक्षण सहपदार्थ' म्हणायचं. आमच्या ड्राफ्ट्समनने, सेल्वमने, मान डोलावली. दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या केराच्या बादलीवर चिठ्ठी होती: 'संरक्षण सहपदार्थ इथे टाकावेत.'

सरांनी चिठ्ठी वाचली आणि बादलीत केळ्याची साल टाकली. हसले नाहीत. हेच तर दुखणं आहे!

*

गावात सभा घेतली. सेल्वमने माशांच्या काचेच्या टाकीत माती, वाळू आणि पाणी भरून मॉडेल केलं. तळाशी लाल रंगाने भरलेली सीलबंद बाटली, म्हणजे आपला सहपदार्थ.

मारियम्मा नावाची एक म्हातारी टाकीला नाक लावून उभी. "सार, हे आमच्या विहिरीत उतरणार नाही ना?"

"अम्मा, एवढ्या खोलवरचं पाणी हजारो वर्षं जागचं हलत नाही!" सर म्हणाले.

जेवणं होईपर्यंत अख्खी टाकी गुलाबी झाली होती. सर माझ्या कानात म्हणाले, "रिपोर्टात सकाळचा फोटो लाव."

*

त्या रिपोर्टात एक वाक्य होतं: 'खालचं पाणी हलत नाही.' त्याखाली सही हवी होती माझी. पाण्याची एकही चाचणी झालेली नव्हती. ती सही झाली की गावाच्या विहिरीचा प्रश्न कागदावर कायमचा मिटणार. मी नाही म्हटलं.

"आपली पोर म्हणून तुला घेतलं गे," सर दुखावून म्हणाले. "अमावास्येपर्यंत विचार कर. नाहीतर दुसरी नोकरी बघ."

अमावास्येपर्यंत, कारण त्या दिवशी सरांची रजा ठरलेली.

*

इथून जवळच तिरुविसनल्लूरच्या मठात एक विहीर आहे. कार्तिकातल्या अमावास्येला तिच्यात साक्षात गंगा येते, अशी श्रद्धा. पहाटेपासून स्नानाला रांग लागते. आईने मलाही ओढून नेलं. पुढे बघते तर ओल्या धोतरात नरहरराव!

"आलीस? बरं केलंस," ते आनंदाने म्हणाले. "स्नान कर. कागद गाडीत आहे, मग सही करून टाक." आणि मागच्या लोकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात, तमिळमध्ये, डोळे मिटून, "काय महिमा बघ! काशीची गंगा जमिनीखालून इथवर येते. दर वर्षी, न चुकता!"

बादली त्यांच्या डोक्यावर रिकामी झाली. डोळे उघडले तर समोर कळशी घेतलेली मारियम्मा. गावातल्या बायका बस करून आल्या होत्या. तिने सरांना ओळखलं. हात जोडले.

"काशी केवढी लांब, सार," ती म्हणाली. "आमची विहीर तर तुमच्या खड्ड्यापासून हाकेवर आहे."